कुडापलीकडचं दूध

आमच्या गावात बाईच्या अंगावर दूध कसं येतं याची सगळ्यात जास्त माहिती पुरुषांना होती. बायकांना दूध येत असे, माहिती आम्हाला असे. संध्याकाळी कुणाच्याही ओटीवर चार माणसं टेकली आणि आळीत कुठे बाळंतीण असली, की पानतंबाखूबरोबर तिच्या दुधाचा विषय निघायचाच. त्यातल्या एकानंही आपलं पोर नीट मांडीवर घेतलेलं नसायचं. पण म्हैस पान्हवण्यात सगळे वस्ताद, आणि म्हैस कळली की बाई कळायला कितीसा वेळ, अशी आमची समजूत. मीही त्यातलाच, आणि त्यात वरचढ. लाथा झाडणारी म्हैस माझा हात लागला की दूध सोडायची. हे खाडीच्या अलीकडे कुणीही सांगितलं असतं, आणि कुणी सांगितलं नाही तर मी सांगत असे.

माझी शाळा मराठी दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी हात उगारला, मी पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आलो. मास्तर बोलवायला आले नाहीत, म्हणून मी गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. गोष्ट मात्र चुकलेली नाही, ती मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. कान कसे होते, ते पुढे येईलच.

एकोणीसशे तीसच्या पुढेमागचं हे. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. गाव रेवसच्या बाजूला खाडीकाठी, निम्मी भातजमीन खारीतली. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून मोठा बांध, आणि बांधाला फळ्यांची उघाडी. पावसाचं पाणी साचलं की ओहोटीला फळ्या काढून सोडायचं, भरतीच्या आत फळ्या परत लावायच्या. एका भादव्यात आमच्या भावकीतल्या काकांनी फळ्या काढल्या आणि जेवायला गेले. जेवून झोपले. खारं पाणी आलं ते माझ्या पोटरीला आलेल्या भातात. काकांचं म्हणणं, फळ्या लावायचं काम त्या दिवशी माझं होतं. माझं म्हणणं, काढील त्यानं लावाव्या. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हतो. त्यांचं घर आमच्या घराला पाठ लावून, मध्ये फक्त दोघांची परसं. पण मी त्यांच्या अंगणावरून न जाता लांबून वळसा घालून देवळात जायचो. देवाला चार पावलं जास्त चाललेलं आवडतं, असं मी लोकांना सांगायचो.

अशात माझी बायको बाळंत झाली. पहिलंच. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, माहेरी बाळंतपण करायला कुणी नाही, म्हणून आमच्याच घरी. मुलगा झाला. मी गूळ वाटला, आणि बारशापर्यंत बापानं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही या रिवाजाप्रमाणे ओटीवर बसून राहिलो. घर कुडाचं होतं. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वरून शेणमाती लिंपलेली भिंत. अशा भिंतीतून माणूस दिसत नाही, पण त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. बाळंतिणीची खोली ओटीला लागून. मी कुडाला पाठ टेकून सुंभ वळत बसायचो, आणि आत काय चाललंय ते मला पाठीतून कळायचं.

पहिलं काय कळलं, तर आमची म्हातारी सुईण बायकोला म्हणाली, "चीक पिळून टाक गो. पिवळा हाय, पोराला बाधंल." आई म्हणाली, "मागल्या दारी माडाच्या बुडाशी टाका. कुनाच्या पायाखाली यायला नको." झालं, बाळंतिणीचं पहिलं दूध माडाला गेलं. पोराला गूळपाणी, कापसाच्या बोळ्यानं.

त्याच पंधरवड्यात आमची म्हैस व्याली होती. तिच्या चिकाचा आईनं खरवस केला होता, वेलची घालून, आणि तो आम्ही केळीच्या पानाला जीभ लावून चाटला होता. त्याआधी रेडकाला पोटभर चीक पाजला होता, कारण चीक न मिळालेलं रेडकू उभं राहत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कुडातून आईला विचारलं, "आये, म्हशीचा चीक औषधी आणि सुनेचा इख, असं कसं गो?"

आई म्हणाली, "म्हशीला बारसं न्हाय, सटवाई न्हाय. तू सुंभ वळ."

मी सुंभ वळला.

तिसऱ्या दिवशी पोराला छातीशी धरलं, तर दूध नाही. पोर तोंड मारी, सोडी, रडे. सुईण म्हणाली, "आज न्हाय तर उद्या येल." दुसऱ्या दिवशीही नाही. बोळ्याचं गूळपाणी पोटात राहीना. पहिल्या दिवशी त्याचं रडणं मागल्या वाडीपर्यंत जात होतं. आता ते कुडाच्या या बाजूला येईस्तोवर थकत होतं. ते मला पाठीला कळत होतं. म्हशीचं दूध पाण्यात पातळ करून दिलं, ते त्यानं सगळं बाहेर टाकलं. सुईण आईला हळू म्हणाली, "आईचं लागलं पायजे आता. न्हायतर कुनाचं तरी." तिचं हळू म्हणजे मला मोठ्यानं.

ही बातमी ओटीवर पोचली आणि आमची जाणती मंडळी जमली. एकानं सांगितलं, बाजरी. दुसरा म्हणाला, बाजरीनं अंग तापतं, हळिवाची खीर. तिसरा म्हणाला, खीर बामनांना लागू पडते, आपल्याला मुशी. मुशी माशाचं कालवण बाळंतिणीला दिलं की दूध आवरत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर सगळेच मानतात. मीही मानतो. मुंबईला गिरणीत असलेला एकजण रजेवर आला होता, तो म्हणाला, "तिकडं डब्यातलं दूध मिळतं, भुकटीचं. साहेबाची पोरं त्याच्यावरच वाढतात."

"म्हनून ती तशी पांढरी पडतात," बाजरीवाला म्हणाला, आणि डब्यातलं दूध तिथंच संपलं.

भगत आला. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, "पान्हा बांदलाय कुनीतरी. कोंबडा लागंल." आमच्या भगताच्या विद्येत सगळ्या दुखण्यांना एकच उतारा होता. दुखणं बदललं की कोंबड्याचा रंग बदलायचा. दुधाला तांबडा लागतो, असं त्या दिवशी कळलं.

मी तांबडा कोंबडा दिला. पहाटे बंदरावर जाऊन मुशी आणली. आणि माझं स्वतःचं ज्ञान होतंच. सरकी भिजवून, वाटून, गुळात शिजवून द्यावी, असं मी कुडातून सुचवलं. म्हशीला ती हटकून लागू पडायची.

आई म्हणाली, "आनि दावं कुठं बांधू तिला?"

आत बायको हसली असावी. हसली की रडली, ते कुडातून नीट कळलं नाही. एरवी मला सगळं कळायचं, तेवढंच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या दारी बोलणं ऐकू आलं. काकी आली होती. काकी म्हणजे त्याच काकांची बायको. मला वाटायचं, आपलं बोलणं बंद म्हणजे घराचं बोलणं बंद. पुढे कळलं की पुरुषांचं भांडण पुढच्या दाराला होतं. मागल्या दारानं विरजण, कोकमं, मिरच्या सगळं जात-येत होतं, आणि दोन्ही घरच्या पुरुषांच्या ताटात शत्रूच्या घरचं काही ना काही रोज पडत होतं.

काकी म्हणत होती, "आमच्या सूनबायला सांडंस्तवर दूध हाय. तिचा पोरगा पाच-सा म्हैन्यांचा झाला, तो पिऊन दमतो. दे बायो पोराला. भुकेला भावकी कळत न्हाय."

मी सुंभ टाकला आणि ओटीवरून ओरडलो, "न्हाय. ज्या घरचं पानी पीत न्हाय त्या घरचं दूध आमचं पोर पिनार न्हाय."

मग आई दाराशी आली. "मेल्या," ती म्हणाली, "तुला कुनी पाजायला निघालंय का?"

"माजं पोर हाय."

"हाय ना? मग ये आत आनि पाज."

ओटीवरच्या मंडळींनी तंबाखू मळायला घेतली. मी मात्र हललो नाही. घरचा कर्ता मी होतो, कर्त्यानं नाही म्हटलं होतं, आणि आई कितीही बोलली तरी माझ्या नाहीवर पाय देऊन जाणारी नव्हती. काकी परत गेली. सुईणीनं आईला सांगितलं, "आजचा दिस बघू. सांजेपातूर न्हाय आलं तर मी कुनाचं ऐकनार न्हाय." म्हणजे माझं.

तेव्हा संध्याकाळच्या आत बायकोला दूध यायला हवं होतं, नाहीतर पोर तरी जाणार होतं, नाहीतर माझा शब्द. दोन्हीतलं काय जड आहे याचा विचार मी करत नव्हतो. दूध येणारच, असं मी धरून चाललो होतो. मुशी मी आणली होती, ती काय फुकट जाते?

दुपारी जेवणं झाली. ओटीवर मी एकटाच, बाकी दोघे-तिघे अंगणात माडाच्या सावलीला. आत आईनं विचारलं, "आलं का गो?"

सुईण म्हणाली, "आलं."

माझा हात थांबला.

"किती?"

"बोटभर हाय. पन रसाला चांगलं हाय."

"असूंदे. बोटभर तर बोटभर. पयल्यांदा येवढंच पुरं."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. उठलो, खांद्यावर पंचा टाकला आणि अंगणातल्यांना सांगितलं, "आलं."

"काय सांगतोस?" मुशीवाला म्हणाला. "बोललो होतो का न्हाय?"

"कोंबडा लागला म्हनायचा," दुसरा म्हणाला.

"कोंबडा तर भगतानंच खाल्ला. तो लागला तर भगताला लागंल," मुशीवाला म्हणाला. हे भांडण जुंपलं ते मी तसंच सोडलं. देवळात गेलो, नारळ फोडला, वाटेत भेटेल त्याच्या हातावर खोबरं ठेवलं. आणि येताना वळसा न घालता सरळ काकांच्या अंगणात शिरलो. भादव्यानंतर पहिल्यांदाच.

काका ओटीवर सुपारी कातरत होते. आमच्याकडे भांडण असलं तरी वडील माणसाला नात्यानंच हाक मारायची, म्हणून मी म्हणालो, "काका."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बोल."

"आमच्या घरी आलं. तेव्हा तुमच्या सूनबायला तसदी नको. काकी आली व्हती सकाळी, म्हनून सांगून ठेवतो."

"काय आलं?"

"दूध."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काकी सकाळी कुठे गेली होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं, ते मला तेव्हाच कळलं. ते काही बोलणार, तेवढ्यात आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला. तिच्या मांडीवर पोर असावं, तिचं बोलणं हिंदकळत होतं.

"अवो मामंजी, दूध नसंल आलं. आलं आलं असंल. मगाशी मी परसातनं खनून दिलं, सासूबाय घेऊन गेल्या. बाळंतिनीच्या काढ्याला पायजे व्हतं. बोटभरच निघालं."

काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या सुपारीकडे बघत होतो. काकांना हसू येत होतं, पण दोन वर्षं माझ्यासमोर हसायची सवय नव्हती, म्हणून ते गालात अडकून राहिलं आणि त्यांचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा झाला. आतली मात्र खदाखदा हसत होती.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण मी त्यांच्या अंगणात उभा होतो. म्हणालो, "आलं बी आलं आनि दूध बी आलं. दोन येगळी हायत. मी ऐकलंय."

"बरं," काका म्हणाले.

"हां मग," मी म्हणालो आणि निघालो. पाठीमागे आतलं हसणं एकदम थांबलं. ते का थांबलं याचा विचार मी तेव्हा केला नाही. बाई हसून दमली असेल, असं वाटलं.

घरी येऊन कुडाला पाठ टेकली. आत काही ऐकू येईना. भांडं नाही, बोलणं नाही, पोराचं रडणंसुद्धा नाही. मी म्हणालो, "आये, पोर निजलं काय?"

आई बाहेर आली. तिच्या हातात आलं ठेचायचा दगड होता. ती एवढंच म्हणाली, "आता रडत न्हाय ते." आणि आत गेली.

मी तिथंच बसलो. सुंभ हातात होता, पण कुठला पदर कुठल्या हातात हे उमगेना. पुढचं दार, मागलं दार, भादवा, फळ्या, सगळं तिथंच होतं, फक्त त्याचा उपयोग काय ते आठवेना. उठून मागल्या दारी जावं आणि काकीला हाक मारावी, असं मनात आलं. मनात आलं, पण पायात उतरलं नाही. माणसाच्या मनापासून पायापर्यंत किती लांब असतं ते माझ्यासारख्यालाच माहीत.

तेवढ्यात मागलं दार वाजलं. काकांची सून आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं. ती माझ्या आईला म्हणाली, "भावजी आमच्या अंगनात येऊन म्हनाले, दूध आलं. मी हसले. मंग माज्या ध्यानात आलं, म्हंजी पोराच्या पोटात अजून कायच न्हाय. दे पोर हिकडं."

ती माझ्यासमोरून गेली नाही, मला विचारलं नाही, मी तिला पाहिलंही नाही. तेव्हा मी परवानगी दिली की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. हे मी तेव्हाही सांगायचो, आताही सांगतो.

बराच वेळ काही कळलं नाही. सुईण हळूहळू म्हणत होती, "ओठावर पीळ. थेंब सोड. जिभेवर. आजून एक." मग बारीकसं चुटचुट ऐकू आलं, रेडकू पहिल्यांदा तोंड लावतं तसं. मग घोट. एकेक घोट मला कुडातून पाठीवर लागत होता.

मग बायको कण्हली. सुईण म्हणाली, "बघू गो. अगं आये, दगड झालाय नुसता. दूध हाय बायो, आत दाटून बसलंय, वाट मिळत न्हाय त्याला. ह्या बारक्याच्या तोंडात जोर न्हाय ओढायला." आणि काकांच्या सुनेला म्हणाली, "तुजा राक्षस दे हिकडं."

काकांचा नातू म्हणजे भोपळ्यासारखं पोर. त्याला माझ्या बायकोच्या छातीशी लावलं. त्यानं काही मागचंपुढचं पाहिलं नाही. ज्यानं खारं पाणी माझ्या शेतात सोडलं त्याचाच तो नातू, घेतलं तोंडात आणि ओढलं. बायको अशी किंचाळली की अंगणातले तिघे उठून उभे राहिले. सुईण म्हणत होती, "ओढ रं वाघा. सोडू नको." आई म्हणत होती, "सोस बायो, सोस." आणि मग बायकोचं किंचाळणं मध्येच तुटलं आणि ती नुसतीच म्हणाली, "अग्गो."

"फुटला पान्हा," सुईण म्हणाली. "दुसऱ्या बाजूनं बी वाहतंय बघ. चोळी बघ, चोळी. बारक्याला लावा ह्या अंगाला, आता आपोआप तोंडात पडंल त्याच्या."

एकदा फसलेला माणूस होतो. मी कुडातून विचारलं, "आये, आलं का?"

"आलं."

"कुठलं आलं?"

"दूध, दूध," आई म्हणाली. "बोटभर न्हाय, घागरभर. जा, सांग आता गावाला."

या वेळी मी कुणाला सांगायला गेलो नाही. पण गावाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी ओटी भरली. मुशीवाला म्हणाला, मुशी अंगात भिनायला दोन दिवस घेते, बरोबर वेळेवर आलं. भगत म्हणाला, कोंबड्यानं बांध सोडवला. बाजरीवाल्यानं बाजरी दिलेलीच नव्हती, तरी तो म्हणाला, बाजरी दिली असती तर परवाच आलं असतं. मुंबईवाल्यानं आपल्या डब्याला दोष लागला नाही यात समाधान मानलं. मी सरकीचं नाव काढलं, तर आतून कुणीतरी पळी जोरात आपटली. सुईणीला कुणी काही विचारलं नाही, आणि तीही काही सांगायला थांबली नाही. तिला दुसऱ्या आळीत जायचं होतं.

दोन दिवसांनी काका बांधावर भेटले. म्हणाले, "तुज्या पोरानं आमच्या घरचं दूध प्यालं. ध्यानात ठेव."

मला हे अपेक्षित होतं. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करत होतो. म्हणालो, "काका, तुमच्या नातवानं आमच्या घरचं दूध प्यालं. आनि ते बी कुठलं? पयलं. माज्या पोराच्या आधी. माज्या पोरानं तुमचं उरलंसुरलं प्यालं, तुमच्या नातवानं आमचा पयला पान्हा प्याला. तेव्हा ध्यानात तुमी ठेवायचं."

काका वळून चालते झाले. घरी जाऊन विचार करून आले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी बांधावर म्हणाले, "त्यानं प्यालं न्हाय. त्यानं काम केलं. वाट मोकळी करून दिली."

"कामाला आला असता तर पोट भरून गेला नसता."

यावर आमची पुढची कित्येक वर्षं गेली. उघाडीचं भांडण मागे पडलं ते पडलंच. फळ्या कुणी काढायच्या, कुणी लावायच्या, हे दोघांनी न बोलता वाटून घेतलं, कारण दुधाच्या वादाला फुरसत लागायची. देवळात पंचांपुढे दोनदा निघालं. पंच म्हणाले, हा हिशेब बायकांना विचारा. बायकांना विचारायला आम्ही काही गेलो नाही. आणि बायकांना सवड कुठे होती? लावणीच्या दिवसांत एक चिखलात असली की दुसरी बांधावर बसून जे रडेल ते घ्यायची. कुणाचं कुठलं, ते पोरांनाही कळेनासं झालं. पण माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. पहिलं दूध आमचं.

पण हे पुढचं. त्याआधी पोराच्या बारशाला काका आले. काकीनं आणलं म्हणून आले. भावकीचं जेवण म्हणून ओळीत बसले, पण येताना स्वतःचा तांब्या भरून घेऊन आले. भात खायचा, पाणी प्यायचं नाही. तो भात आमच्याच विहिरीच्या पाण्यात शिजला होता, हे मी त्यांना सांगणार होतो. पण आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वरण वाढायला लागलो.

त्या दिवशी रिवाजाप्रमाणे मला पोर पहिल्यांदा हातात मिळालं. सुईणीनं आणून दिलं. मी उघडाच होतो, वाढपाच्या गडबडीत पंचा कमरेला बांधलेला. पोर अंगाशी धरलं, तसं ते तोंड वळवून माझ्या छातीवर हुंगायला लागलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, तोंड उघडून केसांतून चाचपत राहिलं. दाराशी बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी जागचा हललो नाही. खाडीच्या अलीकडे म्हैस पान्हवणारा मी, आणि माझ्या पोराला माझ्याजवळ काही सापडत नव्हतं. त्यानं नाक चोळलं, लाल झालं, आणि रडायला लागलं, असं की आवाज पुन्हा मागल्या वाडीपर्यंत गेला असेल.

बायको आत न्हात होती. सगळ्यात जवळ उभी होती ती काकांची सून. तिनं हात पुढे केले. ओळीतले सगळे जेवायचे थांबले होते. मी पोर उचललं आणि तिच्या हातांकडे नेलं. पोराची मान मागे कलंडली.

काका पानावरून न उठता म्हणाले, "मान धर त्याची."

मी मान धरली.